भुलीतली साक्ष

‘भूल’ हा मराठीतला मोठा अर्थगर्भ शब्द आहे. चूक म्हणजे भूल, मोह पडणे म्हणजे भूल आणि वाट हरवणे म्हणजेही भूलच. शाहूवाडी तालुक्यासारख्या सह्याद्रीला टेकलेल्या मुलखात, आंबा घाटाच्या किंवा विशाळगडाच्या बाजूच्या रानात, पायाखालच्या वाटेवरचा माणूस एकाएकी दिशा हरवून त्याच त्या जागी फिरत राहिला, तर त्याला भूल पडली, चकवा लागला असे म्हणायची जुनी रीत आहे. शस्त्रक्रियेपूर्वी दिल्या जाणाऱ्या बेशुद्धीसाठीही मराठीने हाच शब्द घेतला. दोन्हींत एक साम्य आहे : माणूस स्वतःपासून तुटतो. फरक मात्र मोठा आहे. रानात भूल पडलेला माणूस निदान हाक मारू शकतो. शस्त्रक्रियेच्या टेबलावर भूल दिलेल्याला तेवढीही सोय नसते. आणि तो माणूस चार वर्षांचा असेल, तर शुद्धीवर असतानाही आपल्याला काय होते आहे हे त्याला नीट सांगता येत नाही.

भूल दिलेल्या मुलाच्या वतीने साक्ष कोण देणार, हा प्रश्न भूलशास्त्राच्या जन्मापासून त्याच्या मानेवर बसलेला आहे. श्वास, नाडी, स्नायू आणि मज्जातंतू असे चार साक्षीदार या शास्त्राने एकामागून एक उभे केले. त्या क्रमाचा हा इतिहास आहे. यंत्रांची प्रगती हा त्याचा फक्त एक भाग. कोणाची साक्ष ग्राह्य धरायची आणि कोणाचे मौन हेच उत्तर मानायचे, या वादाचाही तो इतिहास आहे.

सुरुवात एका मुलीच्या मृत्यूपासून करावी लागते. क्लोरोफॉर्मचा वापर सुरू होऊन जेमतेम तीन महिने झाले होते. २८ जानेवारी १८४८ रोजी इंग्लंडमधल्या न्यूकॅसलजवळच्या विनलेटन गावी हॅना ग्रीनर या पंधरा वर्षांच्या मुलीच्या पायाच्या बोटाचे नख काढायचे होते. क्लोरोफॉर्म हुंगवल्यावर काही मिनिटांतच ती गेली. क्लोरोफॉर्मने झालेला हा नोंदवला गेलेला पहिला मृत्यू. ती कशाने गेली यावर तेव्हाच दोन तट पडले. जॉन स्नो यांचा रोख हृदयाकडे होता. क्लोरोफॉर्मचे प्रवर्तक जेम्स सिम्पसन म्हणत होते की, तिला शुद्धीवर आणण्यासाठी तोंडात घातलेल्या पाण्याने आणि ब्रँडीने तिचा श्वास कोंडला. म्हणजे नेमके पाहायचे काय, छातीचा भाता की मनगटाची नाडी, हा वाद त्या मुलीच्या मृत्यूबरोबरच जन्मला.

त्या वादाचा सर्वांत गाजलेला अंक आपल्या शेजारी घडला. आजचा मराठवाडा ज्या निजामाच्या संस्थानात होता, त्याची राजधानी हैदराबाद. तिथल्या वैद्यकशाळेचे प्रमुख एडवर्ड लॉरी हे एडिंबरोच्या परंपरेत वाढलेले. श्वासावर लक्ष ठेवा, नाडीकडे पाहत बसू नका, ही त्यांची ठाम शिकवण होती. ती सिद्ध करण्यासाठी निजामाच्या खर्चाने १८८८ आणि १८८९ मध्ये दोन ‘क्लोरोफॉर्म कमिशन’ नेमली गेली. दुसऱ्या कमिशनसाठी ‘लॅन्सेट’ या साप्ताहिकाच्या वतीने लॉडर ब्रंटन लंडनहून आले. शेकडो प्राण्यांवर प्रयोग झाले आणि निष्कर्ष निघाला की क्लोरोफॉर्मने आधी श्वास थांबतो, हृदय नंतर. तेव्हा श्वास सांभाळला की पुरे. याच वैद्यकशाळेत शिकलेल्या रूपाबाई फर्दुनजी यांचे नाव जगातल्या पहिल्या स्त्री-भूलतज्ज्ञांत घेतले जाते, ही आपल्याकडच्या इतिहासाची एक अभिमानाची बाजू. कमिशनचा निष्कर्ष मात्र अपुरा ठरला. १९११ मध्ये गुडमन लेव्ही यांनी मांजरांवरच्या प्रयोगांतून दाखवले की, क्लोरोफॉर्मची मात्रा हलकी असतानाही हृदयाची लय एकाएकी बिघडून ते थांबू शकते. घाबरलेले, धडपडणारे मूल या धोक्याच्या अगदी जवळ असते.

हैदराबादच्या प्रयोगांत काटेकोरपणाची उणीव नव्हती. मोजमापे होती, आलेख होते, साक्षीदार होते. चूक झाली ती प्रश्न निवडण्यात. एकाच साक्षीदाराला सर्वज्ञ मानले आणि दुसऱ्याला न्यायालयाबाहेर उभे केले. पुढच्या शंभर वर्षांत हीच गोष्ट वेगवेगळ्या वेषांत पुन्हा पुन्हा घडताना दिसते. म्हणून हा जुना वाद इथे जरा विस्ताराने सांगितला.

आता स्नायूंकडे येऊ. दक्षिण अमेरिकेतल्या आदिवासींच्या बाणांना लावले जाणारे क्युरारे हे विष जनावराला लुळे करते, हे युरोपला जुने माहीत होते. ते नेमके कुठे काम करते, हे एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला क्लॉद बेर्नार यांनी बेडकांवर प्रयोग करून दाखवले. मज्जातंतू शाबूत, स्नायूही शाबूत. पण पहिल्याचा निरोप दुसऱ्याला पोचत नाही. हरकारा आणि वाडा दोन्ही धड असून दिंडी दरवाजा बंद, अशातला हा प्रकार. २३ जानेवारी १९४२ रोजी मॉन्ट्रियलमध्ये हॅरोल्ड ग्रिफिथ आणि एनिड जॉन्सन यांनी आंत्रपुच्छाच्या शस्त्रक्रियेसाठी भूल दिलेल्या एका वीस वर्षांच्या तरुणाला क्युरारे दिले आणि भूलशास्त्राचे रूप पालटले. पोटाचे स्नायू सैल करण्यासाठी आता जीवघेण्या खोल बेशुद्धीची गरज उरली नाही. थोडी भूल आणि थोडे शिथिलक, एवढ्यावर काम होऊ लागले.

पण या सोयीने एक नवीच अडचण उभी केली. हलणारे, कण्हणारे, मूठ आवळणारे शरीर हाच तोवरचा साक्षीदार होता; त्याचेच तोंड बांधले गेले. १९४७ मध्ये अमेरिकेतल्या स्कॉट स्मिथ या भूलतज्ज्ञाने स्वतःला पूर्ण लुळे होईपर्यंत क्युरारे टोचून घेतले आणि नंतर सांगितले की सर्व वेळ शुद्ध होती, कळत होते, आठवतही होते. म्हणजे लुळेपणा ही झोप नव्हे. हे ज्ञान १९४७ पासून उपलब्ध असताना तान्ह्या मुलांच्या बाबतीत ते लागू करायला आणखी चाळीस वर्षे लागली. मुदतीपूर्वी जन्मलेल्या बाळांना वेदना कळतच नाहीत, अशा समजुतीने अनेक ठिकाणी त्यांच्यावर नायट्रस ऑक्साइड आणि क्युरारे एवढ्याच आधारावर शस्त्रक्रिया होत. १९८७ मध्ये कन्वलजीत आनंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडमध्ये केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. हे आनंद इंदूरच्या महात्मा गांधी वैद्यकीय महाविद्यालयाचे विद्यार्थी. हृदयाजवळची एक रक्तवाहिनी बांधण्याची शस्त्रक्रिया ज्यांच्यावर व्हायची, अशा मुदतपूर्व बाळांचे त्यांनी दोन गट केले. एका गटाला नेहमीच्या औषधांबरोबर फेंटानिल हे वेदनाशामकही दिले. दुसऱ्या गटातल्या बाळांच्या रक्तातले ताणाचे अंतःस्राव कितीतरी अधिक वाढलेले आढळले आणि शस्त्रक्रियेनंतरचा त्रासही त्यांनाच जास्त झाला. बाळ रडत नव्हते, कारण रडण्याचे स्नायू बांधलेले होते. त्याच्या मौनाचा अर्थ ‘दुखत नाही’ असा लावणारे शास्त्र त्या दिवशी रक्ताच्या साक्षीने खोटे पडले.

शिथिलकांची दुसरी अडचण शस्त्रक्रिया संपल्यावर सुरू होई. औषध उतरले की नाही, हे ठरवायचे कसे? अमेरिकेतल्या दहा रुग्णालयांतल्या सुमारे सहा लाख भुलींचा अभ्यास बीचर आणि टॉड यांनी १९५४ मध्ये प्रसिद्ध केला. शिथिलके दिलेल्या रुग्णांत भुलीशी निगडित मृत्यूचे प्रमाण सुमारे सहापट दिसले. औषधच मुळात विषारी, असे अनुमान त्यांनी काढले. ते पुढे टिकले नाही. स्नायू अर्धवट लुळे असताना रुग्णाला स्वतःच्या श्वासावर सोडले जात होते, हे त्यामागचे मोठे कारण मानले जाते. ‘डोके उचल’, ‘हात दाब’, ‘जीभ बाहेर काढ’ या मोठ्या माणसाला सांगायच्या आज्ञा. सहा महिन्यांच्या बाळाला त्या कोण सांगणार?

यावरचे उत्तर लिव्हरपूलमध्ये सापडले. हसन अली, अटिंग आणि ग्रे यांनी १९७० आणि १९७१ मध्ये मांडलेली पद्धत इतकी साधी आहे की ती आधी का सुचली नाही याचे नवल वाटावे. मनगटाजवळून जाणाऱ्या अल्नर मज्जातंतूला अर्ध्या अर्ध्या सेकंदाच्या अंतराने चार सौम्य विद्युत धक्के द्यायचे आणि अंगठा किती हलतो ते पाहायचे. शिथिलकाचा अंमल असेल तर पहिला झटका जोराचा, दुसरा त्याहून मंद, चौथा सर्वांत क्षीण. चौथ्याला पहिल्याने भागले की उत्तर हाती येते. या पद्धतीचे मोल असे की तुलनेसाठी दुसरा कोणी माणूस लागत नाही, औषधापूर्वीचे मापही लागत नाही. त्या मुलाचा अंगठा त्याच्याच अंगठ्याशी तोलला जातो. सुरुवातीला हे गुणोत्तर ०.७ झाले की पुरे मानत. १९९०च्या दशकातल्या अभ्यासांनंतर ती मर्यादा ०.९ वर नेण्यात आली, कारण तोवर गिळण्याचे आणि घशाचे स्नायू पुरते सावरलेले नसतात. मधल्या काळात आणखी एक अवघड गोष्ट उघड झाली. गुणोत्तर ०.४ च्या पुढे गेले की अनुभवी डॉक्टरच्याही डोळ्यांना आणि बोटांना चार झटक्यांतला फरक कळत नाही. १९८५ मध्ये डेन्मार्कच्या विबी-मोगेनसेन आणि सहकाऱ्यांनी तसे दाखवून दिले. ०.४ आणि ०.९ यांच्यामधली ही अंधारी पट्टी यंत्राने मोजल्याखेरीज दिसत नाही. अमेरिकी भूलतज्ज्ञांच्या संघटनेने प्रत्यक्ष मोजमापाचा आग्रह आपल्या मार्गदर्शक सूचनांत धरला तो २०२३ मध्ये, म्हणजे अलींच्या शोधानंतर अर्ध्या शतकाने.

लहान मुलांत या साक्षीचेही जपून वाचन करावे लागते. जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत मज्जातंतू आणि स्नायू यांचा सांधा अपरिपक्व असतो. कोणतेही शिथिलक दिलेले नसताना बाळाचा चौथा झटका पहिल्याहून थोडा मंद असू शकतो. मोठ्यांच्या मापाने पाहिले तर निरोगी बाळही लुळे वाटावे. मूल म्हणजे छोटा माणूस नव्हे, हे बालरोगशास्त्राचे पहिले सूत्र इथे अंगठ्याएवढ्या जागेत खरे ठरते.

आतापर्यंत स्नायूंना विचारायचा प्रश्न एकच होता : औषध उतरले का? पाठीच्या कण्यावरच्या शस्त्रक्रियांनी त्याहून गंभीर प्रश्न पुढे आणला. त्याची पार्श्वभूमी पोलिओची. मुंबईत १९४७ साली फातिमा इस्माईल यांनी पोलिओग्रस्त मुलांसाठी उपचारकेंद्र सुरू केले. त्यांच्या स्वतःच्या मुलीला पोलिओ झाला होता. त्या कामातून पुढे हाजी अलीचे मुलांचे अस्थिरुग्णालय उभे राहिले. अशा केंद्रांत मुलाचा एकेक स्नायू हाताने तपासून त्याला शून्य ते पाच असे गुण देत. ‘पाय उचल बाळ’ म्हणायचे, मूल उचलायचे किंवा उचलू शकायचे नाही, आणि कागदावर आकडा पडायचा. स्नायूची साक्ष इथे मुलाच्या सहकार्याने मिळत होती. पोलिओने एका बाजूचे स्नायू दुबळे झालेल्या कित्येक मुलांच्या पाठीचा कणा पुढे वाकडा होई. अमेरिकेत पॉल हॅरिंग्टन यांनी अशाच मुलांसाठी कण्याला ताणून सरळ करणारा धातूचा दांडा तयार केला आणि १९६२ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. वाकडा कणा सरळ होऊ लागला. पण त्याच्या पोटातला मज्जारज्जू ताणला गेला तर चालत आलेले मूल पांगळे होऊन घरी जाई. अमेरिकेतल्या स्कोलिओसिस रिसर्च सोसायटीच्या १९७५ मधल्या अहवालात अशी इजा हजारी सुमारे सात रुग्णांना झाल्याचे नोंदवले आहे. आकडा लहान आहे. ज्या घरात तो घडतो तिथे तो शंभर टक्के असतो.

फ्रान्समधल्या लियाँ शहरात स्टाग्नारा आणि सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये यावर धाडसी उपाय सुचवला. दांडा बसवला की भूल हलकी करायची, पाठ उघडी असतानाच रुग्णाला अर्धवट जागे करायचे आणि सांगायचे, ‘हात दाब’. मग ‘पाय हलव’. हात हलला आणि पाय हलला नाही, तर मज्जारज्जू संकटात आहे. दांडा ताबडतोब सैल करायचा. ही ‘जागृती-चाचणी’ आजही बाद झालेली नाही. पण ती कोणाला जमते? सोळा वर्षांच्या समजूतदार मुलीला आदल्या दिवशी सगळे समजावून सांगता येते. पाच वर्षांच्या मुलाला, बहिऱ्या किंवा मतिमंद मुलाला, किंवा मुखवटा लावलेल्या अनोळखी माणसाने परक्या भाषेत, परक्या हेलात दिलेली आज्ञा ज्याला उमजत नाही अशा खेड्यातल्या पोराला ती जमणे कठीण. शिवाय ही साक्ष एका क्षणाची. चाचणी झाल्यावर अर्ध्या तासाने काही बिघडले तर ते कळायला मार्ग नाही.

म्हणून मुलाला न उठवता त्याच्या मज्जातंतूंनाच विचारायचे ठरले. घोट्याजवळच्या मज्जातंतूला हलका विद्युत धक्का दिला की त्याची लहर मज्जारज्जूतून वर जाऊन काही सहस्रांश सेकंदांत मेंदूवर उमटते. ती इतकी बारीक असते की मेंदूच्या नेहमीच्या विद्युत कोलाहलात हरवून जाते. एकच धक्का शेकडो वेळा देऊन सर्व नोंदींची सरासरी काढली की कोलाहल आपोआप विरतो आणि लहर उरते. ही युक्ती लंडनच्या जॉर्ज डॉसन यांनी १९५०च्या सुमारास यंत्रात उतरवली होती. जपानमध्ये तामाकी यांनी आणि अमेरिकेत क्लीव्हलँडच्या नॅश, ब्राऊन प्रभृतींनी १९७०च्या दशकात अशी तंत्रे शस्त्रक्रियागृहात आणली. लहरीची उंची निम्म्याने घटली किंवा तिला पोचायला दहा टक्के अधिक वेळ लागला, तर थांबा, असा संकेत रूढ झाला. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत पन्नास हजारांहून अधिक कणा-शस्त्रक्रियांची माहिती होती. या तंत्रात मुरलेल्या चमूंकडे मज्जासंस्थेच्या इजांचे प्रमाण नवख्यांच्या निम्म्याहूनही कमी होते. यंत्र दोघांकडेही होते, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

पण हैदराबादची गोष्ट इथे पुन्हा घडली. पायाकडून मेंदूकडे जाणारी ही लहर मज्जारज्जूच्या मागच्या भागातून जाते, स्पर्शाच्या मार्गाने. हालचालीची आज्ञा पुढच्या व बाजूच्या भागातून खाली उतरते आणि त्या भागाला रक्तपुरवठाही वेगळा असतो. परिणामी शस्त्रक्रियाभर लहर उत्तम आणि शुद्धीवर आल्यावर पाय लुळे, अशी उदाहरणे १९८०च्या दशकात नोंदली गेली. साक्षीदार खोटे बोलत नव्हता. त्याला विचारले तेवढेच तो सांगत होता. हालचालीच्या मार्गाची वेगळी साक्ष घेणे भाग होते. लंडनच्या मर्टन आणि मॉर्टन यांनी १९८० मध्ये डोक्यावरच्या त्वचेवरून मेंदूला विद्युत धक्का देऊन हातापायाचे स्नायू हलवता येतात, हे दाखवले होते. भुलीखाली मात्र एकट्या धक्क्याला उत्तर येईना. १९९३ मध्ये तानिगुची, शेड्झिश आणि श्राम यांनी एकाऐवजी लागोपाठच्या काही धक्क्यांची मालिका वापरली आणि भूल दिलेल्या रुग्णाचे स्नायू उत्तर देऊ लागले.

ते उत्तर हवे असेल तर स्नायू मोकळे हवेत. पन्नास वर्षे ज्या शिथिलकांनी शस्त्रक्रियेला बळ दिले, ती आता ऐन वेळी दूर ठेवावी लागतात. हुंगवायची भूल ही लहर दाबते, म्हणून शिरेतून देण्याच्या प्रोपोफॉलसारख्या औषधांकडे वळावे लागते. अंगठ्याचे चार झटके इथे पुन्हा उपयोगी पडतात. नळी घालताना दिलेले शिथिलक पूर्ण उतरले आहे, हे आधी त्यांच्याकडून वदवून घ्यायचे आणि मगच मेंदूला विचारायचे. लहान मुलांत अडचण अधिक, कारण मेंदूपासून मज्जारज्जूकडे येणाऱ्या तंतूंवरचे मायलिनचे वेष्टन वाढत्या वयाबरोबर हळूहळू पुरे होते. धक्के जास्त, दाब जास्त, धीर जास्त लागतो. धक्क्याने जबडा आवळून जीभ चावली जाऊ नये म्हणून दातांमध्ये मऊ गुंडाळी ठेवावी लागते. जन्मतः मज्जारज्जूचे टोक खाली चिकटून राहिलेल्या मुलांच्या शस्त्रक्रियेत तर प्रश्न याहून नाजूक असतो. समोर दिसणारा पांढरा धागा कापून टाकायचा निरुपयोगी तंतू आहे, की मूत्राशय आणि गुदद्वाराला आज्ञा नेणारा मज्जातंतू? डोळ्यांना दोन्ही सारखेच. त्या धाग्याला हलका विद्युत स्पर्श करायचा आणि गुदद्वाराच्या स्नायूत टोचलेल्या बारीक सुया काही नोंदवतात का ते पाहायचे. त्या उत्तरावर ते मूल उद्या शाळेत चारचौघांत बसू शकेल की नाही, हे ठरते.

साक्ष देणाऱ्या मज्जातंतूचे आणखी एक रूप महाराष्ट्राला परिचित आहे. जन्मतः बहिऱ्या मुलांच्या कानात बसवायच्या कॉक्लिअर इम्प्लांटचे काम भारतात रुजवणाऱ्यांत मुंबईचे डॉ. मिलिंद कीर्तने अग्रणी. २०१४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. या शस्त्रक्रियेत कानामागच्या हाडातून चेहऱ्याच्या मज्जातंतूला अगदी खेटून छिद्र पाडत जावे लागते. ड्रिल जवळ गेले तर चेहऱ्याच्या स्नायूंतल्या इलेक्ट्रोडमधून यंत्र इशारा देते. मात्र त्यासाठीही ते स्नायू शिथिलकाने बांधलेले नसावे लागतात. तारा आत बसल्या की त्यांतूनच श्रवणाच्या मज्जातंतूला संकेत देऊन त्याचा प्रतिसाद टिपता येतो. दोन वर्षांचे मूल, ज्याने आयुष्यात एकही आवाज ऐकलेला नाही, ‘ऐकू येते का’ या प्रश्नाला उत्तर देऊ शकत नाही. त्याचा मज्जातंतू ते टेबलावरच देतो आणि पुढे यंत्राची पातळी लावताना त्या नोंदीचा आधार घेता येतो.

एवढा पल्ला पाहिल्यावर शाहूवाडीकडे परत यायला हवे; कारण हा इतिहास लंडन, लियाँ, लिव्हरपूल असा फिरला तरी त्याची कसोटी अशाच तालुक्यात लागते. वाड्यावस्त्या डोंगरात विखुरलेल्या, बाजार मलकापूर किंवा बांबवड्याचा आणि मोठ्या दुखण्यासाठी रत्नागिरी रस्त्याने कोल्हापूर गाठायचे, ही इथली रीत. कोल्हापूरचे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, लोकांच्या तोंडी ‘सीपीआर’, आणि २००० साली सुरू झालेले त्याला जोडलेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय ही साऱ्या जिल्ह्याची आशा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये पालघरहून सुरू झाला. त्यात फिरती पथके अंगणवाडीतल्या मुलांना वर्षातून दोनदा आणि शाळेतल्यांना एकदा तपासतात. जन्मजात व्यंगे, बहिरेपणा, हालचालीतला मागासलेपणा त्यांच्या यादीत आहे. म्हणजे टेबलावर मज्जातंतूंना विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची सुरुवात गावातच होते.

ती तशी होणे किती मोलाचे आहे, याचे एक उदाहरण पुरे. पाच-सहा वर्षांचा मुलगा जमिनीवरून उठताना हात गुडघ्यांवर, मग मांड्यांवर टेकत, स्वतःच्याच अंगावर चढल्यासारखा उभा राहतो. त्याच्या पोटऱ्या मात्र भरदार दिसतात. तालमीचे वेड असलेल्या कोल्हापूर जिल्ह्यात अशा पोटऱ्या पाहून घरच्यांना कौतुकच वाटेल. विल्यम गॉवर्स यांनी १८७९ मध्ये वर्णन केलेली ही खूण ड्यूशेन या स्नायूंच्या आनुवंशिक आजाराची असू शकते. या मुलांना सक्सिनिलकोलीन हे झटपट काम करणारे शिथिलक दिले, तर स्नायूंतले पोटॅशियम एकदम रक्तात सुटून हृदय बंद पडू शकते. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला वरवर निरोगी दिसणारी, आजाराचे निदान न झालेली मुले अशी टेबलावर दगावल्याची उदाहरणे एकत्र आली आणि अमेरिकी औषध प्रशासनाने मुलांतल्या त्याच्या वापराबद्दल कडक इशारा छापायला लावला. तेव्हापासून तातडीच्या प्रसंगाखेरीज मुलांत ते टाळण्याकडे कल आहे. इथे चार झटक्यांचे यंत्र मुलाला वाचवत नाही. ते जोडेपर्यंत उशीर झालेला असतो. वाचवते ती अंगणवाडीताईची किंवा आईची नजर, तिने सांगितलेली ‘पोरगं उठताना हात टेकतं’ एवढी गोष्ट आणि ती कागदावर उतरून भूलतज्ज्ञाच्या टेबलापर्यंत पोचणे.

हीच साखळी नेमकी तुटते. तपासणी एकीकडे, संदर्भपत्र दुसरीकडे, शस्त्रक्रिया तिसऱ्या शहरात. महात्मा जोतीराव फुले यांच्या नावाने २०१७ पासून चालणाऱ्या जनआरोग्य योजनेने कितीतरी शस्त्रक्रियांचा खर्च शासनाने उचलला, ही साधी गोष्ट नव्हे. पण टेबलाशेजारी बसून पाच-सहा तास लहरी वाचणारा माणूस कोणत्याही योजनेने एका रात्रीत तयार होत नाही. पन्नास हजार शस्त्रक्रियांच्या पाहणीने जे सांगितले ते हेच. यंत्राची किंमत एकदा मोजता येते. ते वाचणाऱ्याचा अनुभव वर्षानुवर्षे साठवावा लागतो आणि तो बहुधा मोठ्या शहरांत साठतो. जिल्ह्याच्या ठिकाणी अस्थितज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ यांच्या जोडीने मज्जातंतूंच्या नोंदी घेणारा तंत्रज्ञ ही पदरचना गरजेची मानली जाईल, तेव्हाच मुंबई-पुण्याच्या मुलाला मिळणारी सावधगिरी डोंगरातल्या मुलाच्याही वाट्याला येईल. तोवर निदान अंगठ्याचे चार झटके मोजणारे लहानसे यंत्र तरी, जिथे मुलांना शिथिलक दिले जाते तिथे प्रत्येक टेबलाशी असावे, ही मागणी अवास्तव म्हणता येणार नाही.

हॅना ग्रीनरपासून आजवरच्या पावणेदोनशेहून अधिक वर्षांत दर टप्प्यावर नवा साक्षीदार मिळाला, आणि दर टप्प्यावर कोणीतरी असे मानले की आता दुसऱ्या कोणाला विचारायची गरज नाही. श्वास पाहणाऱ्यांनी नाडी सोडली, स्पर्शाची लहर पाहणाऱ्यांनी हालचालीचा मार्ग सोडला, बाळ हलत नाही असे पाहणाऱ्यांनी त्याची वेदना सोडली. ज्यांनी मुले वाचवली त्यांनी साक्षीदार वाढवत नेले आणि त्यांची उत्तरे एकमेकांशी ताडून पाहिली. त्या साक्षीदारांच्या यादीत अंगठा आहे, घोटा आहे, चेहरा आहे. शाहूवाडीहून पहाटेच्या एसटीने मुलाला घेऊन आलेली, शस्त्रक्रियागृहाच्या दाराबाहेर बाकावर बसलेली आईही त्या यादीत आहे. तिला विचारायचे प्रश्न भूल देण्याआधीच विचारून झालेले असले पाहिजेत.